तेईस नंबर

जरा जवळ या, आणि हातातलं काम ठेवा. पुरवणी म्हणजे मेथी निवडायला अंथरायचा कागद, मला ठाऊक आहे, मीही तेच करते. पण आज आधी वाचा, मग अंथरा. माझी अक्का गेली त्याला सहा आठवडे झाले. दुपारी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत... कप कितीतरी वेळ माझ्या हातातच होता.

अक्का इथे लखनौत इंग्रजांच्या वेळच्या एका बोर्डिंग शाळेत मेट्रन होती. सहा-सात वर्षांची पोरं, पुढच्या मोठ्या शाळांसाठी तयार करायची. हॉलमध्ये सोनेरी अक्षरांचा लांबलचक फळा आहे, त्यावर नाव काढलेल्या मुलांची नावं. जनरल काय, राजदूत काय. अक्का म्हणायची, ह्या सगळ्यांची नाकं मी पुसलीत. पण एक मूल त्या फळ्यावर नाही, आणि अक्का आयुष्यभर त्याच्याच भीतीत जगली.

शाळेची जुनी रीत अशी, की बाहेरून परतताना मुलांनी रांगेत आपापला नंबर हिंदीत ओरडायचा. त्या जानेवारीत गोमतीकाठी सहल गेली होती. दुपारीच धुक्याचा असा कोहरा उतरला, की अक्काला रांगेचं दुसरं टोक दिसेना. तिने शिट्टी वाजवली, बेचाळीस नंबर कानांनी मोजले, बस सोडली. शाळेत उतरताना डोकी भरली एकेचाळीस. तेईस, म्हणजे तेवीस नंबरचा नंदू नव्हता. साताऱ्याकडचा, वडील एअरफोर्समध्ये, शाळेत अक्काशी मराठी बोलणारा तो एकटाच. दोन तासांनी सापडला, घाटावर पालथ्या घातलेल्या नावेखाली, ओठ निळे पडलेले. जिवंत होता, पण बोलत नव्हता. आठवड्याने वडील येऊन घेऊन गेले. पुढे त्यांची बदली झाली, आणि अक्काची पत्रं परत आली.

अक्का मात्र म्हणत राहिली, तेईस मी ऐकलं होतं गं, या कानांनी ऐकलं. मग कोण बोललं? मानक नगरात माझ्या घरी राहायला आली, तरी दिवेलागणीला गिनती चालूच. शेवटी शेवटी माझा हात धरून विचारायची, "तेईस आला का?" मी खोटंच म्हणायचे, आला. तर दाराकडे बघत राहायची आणि हळूच म्हणायची, "मग बोलत का नाही?" मीही दाराकडे बघायचे.

तेराव्याला एक रिटायर्ड जज्ज आले, त्या सोनेरी फळ्यावरचे. अक्काच्या कॉटपाशी खाली बसले. म्हणाले, "मौसी, उस दिन तेईस मैंने बोला था." नंदू घाटावरची होडी बघत मागे रेंगाळला होता. पळत येईलच, उशिरापायी उगाच छडी खाईल, म्हणून ह्यांनी त्याच्या नंबरला आवाज दिला. पुढे भीतीने तोंड उघडलं नाही. अक्काला सांगायला तीनदा आमच्या गेटपर्यंत आले होते, म्हणे... तीनदा परत गेले. मला रागवायचं होतं. पण मी उठून त्यांना पाणी दिलं.

अक्काची शिट्टी दाराशी खिळ्याला तशीच आहे. संध्याकाळ झाली की आता माझंच तोंड मोजायला लागतं. काल बाईसपाशी थांबले, तेईस सोडून चौबीस म्हणायची हिंमत होईना. बाहेर पालापाचोळा वाजला तरी वाटतं, कोणी आलं. आणि कोणी नंदूची वाईटच बातमी घेऊन आलं तर, याचीही धास्ती वाटते.

नंदू, बाळा, तू मराठी वाचत असशील म्हणून मराठी पेपरात लिहिते आहे. आता साठी ओलांडली असशील. तिने तुला विसरून बस सोडली नव्हती रे, तुझा नंबर ऐकून सोडली होती. कोहरा पडायच्या आत एकदा ये. दारात उभा राहून नाव सांगू नकोस, नुसता नंबर बोल.