मागच्या चाकावर तांब्याभर पाणी

आप्पा गेले हे कळलं तेव्हा मी विरारला पेट्रोल पंपावर गाडीच्या चाकांत हवा भरून घेत होतो. त्यांच्या मुलाचा, दादाचा, फोन आला. "सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." एवढंच तो बोलला. तेवढ्यात हवा भरणाऱ्याने विचारलं, "साहेब, किती ठेवू?" मी म्हणालो, "तेहतीस." फोनमधून दादा म्हणाला, "काय तेहतीस?" त्याला काय सांगणार... दर पंधरवड्याला हवा तपासायची सक्ती त्याच्या वडिलांचीच होती. सहा आठवडे झाले, तरी त्या उत्तराची मला लाज वाटते. आप्पांना मात्र वाटली नसती. "चारही चाकांत बघितलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं असतं.

आप्पांची वाडी वसईत समुद्राच्या बाजूला. माझे वडील त्या वाडीत केळीला आणि पानवेलीला पाणी सोडायचे. बाबांना अक्षरओळख नव्हती. मी बारावी झालो तेव्हा कॉलेजचा फॉर्म कुणी भरायचा हा प्रश्न होता. आप्पांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, कॉलेजच्या खिडकीपुढे माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले आणि कारकुनाने "मुलगा कोण तुमचा?" असं विचारल्यावर "वाडीतला आहे," म्हणाले. येताना स्कूटर दोनदा बंद पडली. ती ढकलता ढकलता त्यांनी मला सांगून ठेवलं, "शिकून गाडी घेशील ना, तेव्हा पुढच्या सीटवर मी. ढकलायला लागणार नाही अशी घे." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आप्पा नसते तर मीही आज वाडीत पाणीच सोडत असतो, आणि तेही बाबांइतकं चांगलं नाही.

गेल्या वर्षी मी सेडान घेतली. जुनी, पण डिकी मोठी आणि रंग पांढरा. पेढे घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांना पुढे बसवायचं आणि फुलपाड्याचा माझा फ्लॅट दाखवायला न्यायचं, असं ठरवूनच गेलो होतो. गुडघ्यांमुळे ते कुठे जात नसत. घर घेऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचे पाय घराला लागले नव्हते. बाबा तर घर होण्याआधीच गेले. आप्पांनी पेढा खाल्ला, गाडीला एक फेरी मारली, मागे कसेबसे वाकले आणि टायरवरून अंगठा फिरवला.

"सुरेश, हे टायर आहेत की वरवंटे?"

"आप्पा, अजून चालतील थोडे."

"चालतील. मी नाही बसणार."

काकू ओटीवरून म्हणाल्या, "अहो, पोरगा एवढ्या लांबून आलाय."

"म्हणूनच तर. परत जायचंय त्याला."

झालं. मी शिकलेला माणूस, म्हणून अभ्यासाला लागलो. टायरच्या कडेवरचे आकडे वहीत उतरवले, नेटवर तुलना वाचल्या, रात्री बायकोला ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकबद्दल समजावलं. तिने एकदाच विचारलं, "आपण टायर घेतोय की टायरची परीक्षा देतोय?" शेवटी सगळ्या ऋतूंत चालणारे, ऑल सीझन टायर घ्यायचे ठरलं. वही आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे आंब्यासारखे नाहीत, केळीसारखे. बारा महिने. असं एका ओळीत सांगायचं ना. रविवारी मीही येतो."

ते आले, पण माझ्या गाडीतून नाही. टायर बदलेपर्यंत बसणार नाही म्हणजे नाही. म्हणून तुळिंजच्या दुकानापर्यंत पुढे मी एकटा गाडीत आणि मागून आप्पा रिक्षात, अशी आमची वरात निघाली. मी सिग्नलला सुटलो आणि ते अडकले की फोन यायचा, "थांब रे, माझा रिक्षावाला म्हणतोय तुमचं भांडण झालंय का."

दुकानात आप्पांनी पिशवीतून तांब्या काढला. दुकानदार हसून म्हणाला, "काका, पूजा नंतर. पहले टायर तो पसंत करो." आप्पांनी त्याच्याकडे पाणी मागितलं आणि उभ्या करून ठेवलेल्या एकेका टायरवर बारीक धार सोडून खाचांतून पाणी कुठे जातंय ते बघू लागले. तिसऱ्या टायरला फरशीवर तळं झालं.

"काका, टायर आहे, कुंडी नाय."

"कुंडी असती तर खालचं भोक बघितलं असतं."

बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. मी हळूच म्हणालो, "आप्पा, मी सगळं वाचलंय. पुरे आता, लोक हसतायत."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "हसू देत. मी वडिलोपार्जित वाडीचा मालक, पण पाट कुठे तुंबतो ते मला दिसायचं नाही. तुझा बाप नवीन पाट काढला की तांब्याभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसायचा. मी घाई केली की म्हणायचा, 'आप्पा, आदी पानी बगा, मंग बोला.' हे त्याच्याकडून शिकलोय मी. तू वहीतून शिकलास, बरं केलंस..."

मी बादली भरून आणली.

त्यांनी पसंत केलेले टायर माझ्या वहीतही दुसऱ्या नंबरवर होते, हे मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. चारही टायर बसले. दुकानदाराने उदबत्ती ओवाळली, मी पुढचं दार उघडून धरलं, आणि आप्पा तांब्या घेऊन गाडीच्या मागे गेले. डाव्या चाकावर धार सोडली, पाणी दोन्ही कडांना गेलं. उजव्यावर सोडली, पाणी मधे गोळा झालं.

"हा उलटा बसलाय."

"काका, पंधरा साल से धंदा करतोय."

"मी कुठे नाही म्हणतो? उलटा बसलाय."

दुकानदार वाकला. टायरच्या कडेला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. बाण मागे बघत होता. त्याने जॅक लावला. टायर सुलटा बसेपर्यंत आप्पांना त्याने स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. मग आप्पा पुढच्या सीटवर बसले. फुलपाड्याला माझं घर बघितलं, बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून उतार बघितला, "बांधणाऱ्याला अक्कल आहे," म्हणाले आणि तांब्या तिथेच विसरले. फोन केला तर म्हणाले, "राहू दे. गाडीत ठेव."

परवा तो तांब्या परत द्यायला गेलो. काकूंना बँकेत जायचं होतं, म्हटलं मी सोडतो. गाडीचं पुढचं दार उघडलं, पण काकू घराच्या दारातून पुढे येईनात. "आधी ते कर," म्हणाल्या. मी विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि मागे उकिडवा बसलो. डाव्या चाकावर ओतलं, मग उजव्यावर. काकू माझ्या डोक्यावरून वाकून बघत होत्या. दोन्हीकडे पाणी कडांना गेलं. त्यांनी पदर सावरला, रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला आणि तो मांडीवर धरून पुढच्या सीटवर बसल्या.