लुगडं नेसलेला फोनो

माझी पणजी पैशासाठी गायची.

झालं ते असं:

१. गेल्या महिन्यात हळदीच्या गाण्याचं एक रिमिक्स आलं. त्यातला बाईचा आवाज माझ्या पणजीचा, चांगुणाआजीचा आहे.
२. ओळखण्यात चूक नाही. आमच्या घरी तिची जुनी ग्रामोफोन प्लेट आहे. तिच्यावर दुसऱ्या कडव्यात आजीची बांगडी कशावर तरी आपटते. रिमिक्समध्येही तिथेच आपटते. मी साउंड इंजिनिअर आहे. दोन्ही फाइल एकमेकींवर ठेवून पाहिल्या.
३. क्रेडिटमध्ये गायिकेच्या जागी लिहिलंय: 'पारंपरिक'.
४. मी निर्मात्यांना मेसेज केला. रिप्लाय आला, "मॅडम, त्या बायका भक्तीने गायच्या. पैशाचा विचार त्यांच्या मनातही नसायचा."

आज आजीचा स्मृतिदिन. म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांसमोर.

ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात विधी धवलारीण गाऊन लावते. तिचं गाणं पुढे सरकेल तसा विधी पुढे सरकतो.

तिचा मान ठरलेला: लुगडं, सूपभर तांदूळ, नारळ. वर बिदागी.

चाळीसच्या दशकात कर्जत-खालापूरच्या गावांत आधी तिला विचारायचे, मग लग्नाचा दिवस धरायचे. खोपोलीच्या चाळींतूनही बोलावणं यायचं.

युद्धात रेशन आलं तेव्हा ती बिदागीही तांदळातच घ्यायला लागली.
"नोटा शिजत नाय गं," म्हणायची.

शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या लग्नाचं लुगडं तिला द्यायच्या. तेही तिनेच ठरवलेलं.

मग एका रेकॉर्ड कंपनीने मुंबईला नेऊन तिचं गाणं भरून घेतलं. तिथल्या साहेबाने पैसे पुढे केले.

तिने विचारलं, "ही प्लेट उद्या परत वाजली, तर मला काय?"
"काही नाही."
"मग पैसे ठेवा. यंतर द्या, नि प्लेटा द्या."

चावीचा फोनो घेऊन ती कर्जतला उतरली.

त्यानंतर एकाच दिवशी दोन लग्नं आली की एका लग्नाला ती जायची. दुसऱ्याला फोनो, सोबत तिची शिष्या ठकूबाई.

खालापूरकडच्या पहिल्याच लग्नात घोळ झाला.

प्लेट तीन मिनिटांत संपली. हळद अर्धीच लागली होती. ठकूबाईने प्लेट पुन्हा सुरुवातीपासून लावली.
गाणं पहिल्यापासून, म्हणून बायकांनी हळदही पहिल्यापासून लावली.
पुन्हा प्लेट संपली. पुन्हा हळद.
नवरी म्हणाली, "आता बास गं बायांनो. डोले चिकटले माझे."

शेवटी मान द्यायची वेळ आली. नवरीचा काका हसला. "लुगडं काय भोंग्याला नेसवू?"

नवरीची आजी म्हणाली, "आवाज कुनाचा हाय रं? चांगुणाचा ना? मग नेसव."

भोंग्याला हिरवं लुगडं नेसवलं. कुंकू लावलं. समोर तांदळाचं सूप ठेवलं.

चांगुणाआजीने ते सगळं घेतलं.

गावात कुजबुज झाली. तिचा दीर तोंडावर बोलला, "वैनी, जिथं गेली नाय तिथलं बी खातेस."

"गायले म्हणून खाते, भावजी. तुमी ऐकताय तवर मी गातेच हाय."

हे तिने स्वतः मला सांगितलं, मी शाळेत असताना. सांगताना आवाज खाली आणला नाही.

याच कमाईतून तिने भातशेत घेतलं. स्वतःच्या नावावर. आमच्या घरातली बाईच्या नावावरची पहिली जमीन. तिचा मुलगा, माझे आजोबा, त्या शेतावरच शिकले.

तर, निर्मातेसाहेब.

त्या ध्वनिमुद्रणाची कायदेशीर मुदत संपली आहे, हे मला माहीत आहे. कायद्याने तुम्ही आमचं काहीच देणं लागत नाही.

रिवाजाने लागता. तो खालापूरकडच्या एका म्हातारीने तेव्हाच ठरवून दिला.

तुम्हाला गाणं फुकट हवं आहे, म्हणून तिला भोळी करू नका.

क्रेडिटमध्ये नाव हवं: चांगुणा, धवलारीण, कर्जत.
आणि आमच्या घरी एक हिरवं लुगडं, सूपभर तांदूळ, नारळ. फोनो अजून आमच्याकडे आहे. नेसवायला तुम्हीच या.

आजी, आज तुझ्या फोटोला हार घातला नाही. प्लेट लावली आहे.

निर्मातेसाहेब, येत्या शुक्रवारपर्यंत कळवा. हो किंवा नाही, एवढंच.