अक्काची चाचणी

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो.

निवृत्तीनंतर मी एका संशोधन स्पर्धेत भाग घेतला होता. लहानपणच्या शिक्षणाचा म्हातारपणीच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हा विषय. स्मरणशक्तीची चाचणी आधी घरीच करून पाहावी म्हणून व्हाइटफील्डच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोठ्या बहिणीला समोर बसवलं. अक्काची शाळा तिसरीतच सुटली होती.

"मी पाच शब्द सांगतो, ते परत म्हणून दाखव."

ती उठली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. आवाज लहान मुलीचा होता. "गुरुजी, माझं डोकं चालत नाही, असं तुम्ही म्हणालात?"

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. गुरुजी असं कधीच म्हणाले नव्हते. अक्कानं घरी राहून माझ्याशी खेळावं म्हणून लहानपणी मीच ते गुरुजींच्या नावावर वडिलांच्या कानात सांगितलं होतं. तिला ते कुणी सांगितलं, मला आजही ठाऊक नाही.

"नाही बाळ, तू हुशार आहेस," मी म्हणालो.

"मग उद्यापासून येऊ?"

"ये."

स्पर्धा मी सोडून दिली. अक्का जाईपर्यंत मला गुरुजीच म्हणत राहिली. 'अक्का, ते खोटं मी बोललो होतो, मला माफ कर,' हे तिच्या भावानं म्हणायला हवं होतं. तिला भाऊ पुन्हा कधी दिसलाच नाही.