भाचीचं चित्र

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून मी पोट भरते. शिकले तीही पुस्तकं बघूनच. बर्फात खेळणाऱ्या, लालबुंद गालांच्या रशियन पोरी मला भोरच्या एसटी स्टँडवरच्या एका पुस्तकांच्या स्टॉलवर भेटल्या. पुढे जुन्या जपानी चित्रकारांची एका दमात ओढलेली रेघ पाहिली, इंग्रजांचं टाक-शाईचं बारीक काम पाहिलं. आणि आपले दिवाळी अंकवाले! चार फटकाऱ्यांत बेरकी म्हातारा उभा करायचे. सगळ्यांचं थोडं थोडं उचललं. घरचे म्हणतात, ही अजून बालवाडीतच आहे.

तीन वर्षांपूर्वी वहिनीची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. हॉस्पिटलात वहिनीनं तिला थोडा वेळ जवळ घेतलं. दादानं मोबाईल काढला, तर आई म्हणाली, "असल्या लेकराचा फोटू काढत न्हाईत." फोटो राहूनच गेला. आईचा मला तेव्हा राग आला होता, अजूनही येतो.

यंदा भातकापणीला गावी, उत्रोलीला गेले, तर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, जगाची पोरं काढता तुमी. माजी बी काढून द्या की. आता अंगणवाडीत गेली असती."

नाही कसं म्हणणार? पडवीत पेन्सिल घेऊन बसले. पहिली उतरली ती रशियन. दुसरी थेट जपानी बाहुली. मग दादाचं नाक लावलं, वहिनीची जिवणी घातली, दोन वेण्या बांधल्या. तरी ती कुठल्या तरी पुस्तकातलीच वाटायची. एवढ्या थोरामोठ्यांचं पाहून शिकले, आणि घरची पोर काढता येईना. फार लाज वाटली. शेवटी एक जमली, टपोऱ्या डोळ्यांची, हसरी.

वहिनीनं कागद हातात घेतला.

"लई ग्वाड हाय. पर वन्सं, हिचं डोळं मिटा."

"अगं वहिनी, अंगणवाडीतली ना ही? डोळे मिटून कशी बसेल?"

"म्या तिचं डोळं उगडं बगितलंच न्हाईत. मग वळखू कशी तिला?"

मी खोडरबर घेतला. ते टपोरे डोळे पुसून टाकले आणि मिटलेल्या पापण्या काढायला लागले. वहिनी शेजारी टेकून बघत होती. दुसरी पापणी पुरी व्हायच्या आतच तिला हुंदका फुटला.

"हीच," ती म्हणाली, "हीच माजी."

मलाही रडू येत होतं, पण आधी मी ती दुसरी पापणी पुरी केली.