हात दाखव बे!

"हात दाखव बे!"

कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर आमची संध्याकाळ अशी सुरू व्हायची. आम्ही रांगेत तळवे पुढे करायचो. आम्हाला खेळ शिकवणारे सर बोटं उलटीसुलटी करून पाहायचे. नख वाढलेलं दिसलं की पट्टी, मारामारीचं खरचटलेलं दिसलं की थप्पड. त्यांची थप्पड खाल्लेला कान रात्रीपर्यंत वाजायचा. माझ्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच; मला वाटायचं, शिक्षण असंच असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासाठी सरांचा वेगळा कायदा होता: गोटमारीत दिसला तो संघाबाहेर. तुम्ही आमची गोटमार पाहिली असेल, तर हा कायदा पाळणं किती अवघड ते कळेल. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, तो झेंडा मिळवायला दोन्ही काठ एकमेकांवर गोटे फेकतात; मध्ये नुसते दगड. डोकं फुटलं की देवीचा अंगारा लावून माणूस पुन्हा पाण्यात उतरतो.

एका वर्षी पोळ्याच्या वेळी छिंदवाड्याचा सामना तोंडावर आला होता. आमचा सगळ्यात नेमबाज खेळाडू सावरगावचा. गोटमारीच्या दिवशी तो पलीकडच्या काठावर दिसताच सर छत्री टाकून पाण्यात धावले.

"टाक तो गोटा खाली! टाक म्हणतो ना!"

त्याचा नेम झाडावर चढणाऱ्यावर होता. सर मध्ये आले. गुडघ्यांवर बसले, तेव्हा बोटांमधून रक्त गळत होतं. डावा डोळा गेला.

डोळ्यावर पट्टी बांधून सर मैदानावर परतले, त्याच दिवशी तो आला.

"सर, गोटा माह्या हातचा होता. मी संघातून जातो."

"गोटमारीतला गोटा कोणाचा, हे कोणी विचारते काय आपल्या इथं? हात दाखव."

त्याने तळवे पुढे केले. सरांनी अशी थप्पड हाणली की त्याचा ओठ फाटला.

"हे तिथं गेला म्हणून. डोळ्यासाठी नाही मारून राहिलो." मग त्याच तळव्यांत त्यांनी चेंडू ठेवला. "डोळा माहा गेला बे, तुहा नाही. रिंग पाहा."

सरांनी स्वतःचा कायदा मोडलेला आम्ही तेवढा एकदाच पाहिला. छिंदवाड्याला हरलोच. परतीच्या बसमध्ये सगळ्यांना शिव्या पडल्या, त्याला दोन जास्त.

बऱ्याच वर्षांनी सर वारले तेव्हा तो आला, केस पिकलेला. लोक पाया पडत होते. तो सरांसमोर तळवे पुढे करून उभा राहिला. फुलं मागतोय असं वाटून कोणीतरी त्यांत झेंडू ठेवले.

तरी त्याचे हात तसेच पुढे.