खाँसाहेबांचे कोंड्याचे पोते

हे लिहायचे मी वर्षानुवर्षे टाळले. परवा कल्याणात एका लग्नात, जेवताना, एक तरुण वकील म्हणाला, "तो खान जमादार म्हणजे राक्षस! आगऱ्यांचे हात मोडायचा." सगळी पंगत हसली. माझा घास हातातच राहिला. हसणाऱ्यांनो, आता खरे काय ते ऐका.

तो खान जमादार म्हणजे आमचे खाँसाहेब, मूळचे उत्तरेकडचे. डोके दाराला लागेल अशी उंची आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल असा आवाज. मी कल्याणच्या पोलीस ठाण्यावरचा किडकिडीत, थोडे इंग्रजी शिकलेला शिपाई. तपासावर आम्हां दोघांना एकत्र धाडीत. ते मला 'पंडित' म्हणत. शहाडच्या वाटेवर मी मागे पडलो की ओरडत, "अरे पंडित, चोर क्या तेरी पालखी का इंतजार करेगा?" मराठी त्यांना येत नसे, आणि माझी हिंदुस्थानी ऐकून ते कपाळाला हात लावीत. तरी चोर आम्हांला सापडत.

ते सापडत एका पोत्यामुळे. संशयिताला मी बाहेर बाकावर बसवायचो. आत खाँसाहेब कोंड्याच्या पोत्यावर काठी हाणीत, "बोल! बोलता है या नहीं!" म्हणून गरजत आणि लगेच आवाज बदलून स्वतःच विव्हळत, "आई गं! मेलो!" तेवढे मराठी त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले होते. बाकावरचा इसम घामाघूम होऊन मला सगळे सांगून टाकी. मग आम्ही आत तोंड दाबून हसत बसू. "मार से झूठ निकलता है, पंडित. डर काफी है," असे ते म्हणत. माणसाच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावले नाही. पण बाजारपेठेला किंकाळ्या तेवढ्या ऐकू जात.

एका दुपारी आमच्या फौजदाराने कोपरच्या एका मिठागरातल्या आगऱ्याला, रेल्वेतल्या कापडाच्या गाठी चोरल्याच्या संशयावरून, त्याच खोलीत खरोखर मारले. हात मोडला. मी शेजारच्या खोलीत लिहीत बसलो होतो. उठलो नाही. खाँसाहेब बाहेरून आले, त्यांनी काठी हिसकावली आणि त्या माणसाला खांद्यावर टाकून भर बाजारातून वैद्याकडे नेले. बाजाराने तेवढेच पाहिले.

चौकशीला ठाणे शहरातून गोरा साहेब आला. दुकानदारांनी जमादाराकडे बोट दाखवले. तो आगरी फौजदाराकडे बघत पुटपुटला, "माना ठाव नाय साहेब, कोन व्हता." खाँसाहेब उसळले, "पंडित, बता दे साहब को! बोरे का किस्सा बता!"

माझ्या बढतीचा कागद फौजदाराच्या हातात होता. मी म्हणालो, "मी तेव्हा बाहेर गेलो होतो. पोत्याचे मला काही ठाऊक नाही."

खाँसाहेबांची नोकरी गेली, पेन्शन गेली. पट्टा उतरवताना ते एवढेच म्हणाले, "पंडित, तू तो मेरे साथ हँसता था."

तो नीच फौजदार पुढे मानाने निवृत्त झाला. गावाने हार घातले. त्यातला एक माझा होता.

मीही फौजदार झालो. खाँसाहेब ठाणे शहरात एका लाकडाच्या वखारीवर पहारा करतात, असे कळल्यावर गेलो. टांग्यात वाटभर घोकत होतो, "खाँसाहेब, मैंने झूठ बोला था. माफ कीजिए." ते फाटकाशी बसले होते. डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासे झाले होते. माझ्या बुटांचा आवाज ऐकून धडपडत उठले आणि कपाळाला हात लावला. "सलाम हुजूर. किससे मिलना है?"

बोललो असतो तर आवाजावरून त्यांनी मला ओळखले असते. मी सलाम घेतला आणि टांग्यात जाऊन बसलो.