बांधावरचा पळस

हुमनाबादच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा शेजारी एक निवृत्त चित्रकला मास्तर राहायला आले. त्यांच्याकडे मी तैलरंग शिकू लागले. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रांच्या काही रंगीत छापील प्रती त्यांनी जपून ठेवल्या होत्या. जवळून बघितलं तर नुसते फटकारे, लांबून बघितलं तर उन्हातली बाग. "सावलीत काळा घालायचा न्हाई," ते म्हणायचे. "सावली निळी असती, जांभळी असती. नीट बघा."

फाल्गुनात गावाबाहेर एका बांधावर पळस फुलला. बांधाच्या अलीकडे थोरल्या भावाचं शेत, पलीकडे धाकट्याचं. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं, हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी मी तिथं कॅनव्हास मांडून बसले. थोरला भाऊ आला. "काय मोजायलाव, बाई?"

"मोजत नाही अण्णा, झाड काढतेय."

"काढायलाव? कामून? काय वाईट केलंय त्यानं तुमचं?"

मी हसत चित्र दाखवलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या खेपेला मास्तर बरोबर आले. "बांधानं चित्राचे दोन तुकडे झालेत," ते म्हणाले. "त्याला जरा पलीकडं सरकवा. चित्रात चालतंय."

मी सुरीनं ओला रंग खरवडला, बांध झाडाच्या मागे नेला. चित्र एकदम मोकळं झालं. नांगरटीवर जांभळी सावली, वर केशरी ठिपके. इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. थोरला पुन्हा येऊन बराच वेळ बघत राहिला. "झाड तर माझ्याच रानात हाय की, बाई!"

मला वाटलं, कौतुक करतोय. "होय," मी म्हणाले, "छान दिसतंय ना?"

तेवढं त्याला पुरलं. शिकलेल्या बाईनं बघून काढलंय, झाड माझंच, असं त्यानं गावभर सांगितलं.

पुढच्या रविवारी गेले तर पळस आडवा पडलेला. ढेकळांवर फुलांचा सडा. धाकटा भाऊ कुऱ्हाड घेऊन शेजारीच बसला होता.

"घ्या, काढा आता चित्र. आता कुणाचंच न्हाई ते."

चित्र बरं दिसावं म्हणून मीच बांध हलवला, असं मी कसंबसं सांगितलं. तो कॅनव्हासकडे बघत राहिला.

"मग हे दादाला कामून न्हाई सांगितलं?"

मी तशीच थोरल्याच्या घरी गेले, त्यालाही सगळं सांगितलं. "आता सांगून काय उपयोग, बाई," म्हणून तो आत निघून गेला. त्याची बायको मात्र दारापर्यंत आली.

"उन्हाळ्यात आम्ही दोघी जावा त्याची पानं तोडायचो पत्रावळ्यांना," ती हळूच म्हणाली. "तेवढंच आमचं बोलणं व्हायचं."

घरी येऊन मी बांध पुन्हा झाडाखाली आणला. मास्तर म्हणाले, "बिघडवलंत चित्र." ते चित्र अजून भिंतीवर आहे. येणारे जाणारे रंगांची तारीफ करतात, आणि मी चहा टाकायला आत जाते.